टीबी नाही, मग काय?

आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नमुन्याबरोबर एक कागद येतो. नाव, वय, वॉर्ड, खाट, कोणती तपासणी हवी, आणि शेवटी रुग्णाच्या माहितीसाठी दोन ओळींची मोकळी जागा. बहुतेक कागदांवर ती जागा मोकळीच राहते. फार तर ‘ताप, तपास चालू’ एवढं लिहिलेलं असतं. मुंबईतल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बुरशीच्या आजारांचं निदान करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली आणि आता माझं ठाम मत झालं आहे की सूक्ष्मदर्शक जेवढं निदान करतो तेवढंच त्या दोन ओळीही करतात. रुग्ण कुठला, काम काय करतो, आधी कोणती औषधं घेऊन झाली, हे कळलं तर काचपट्टीवर नेमकं काय शोधायचं ते कळतं. न कळलं तर समोर असलेली गोष्टही नजरेतून निसटू शकते, कारण ती फार बारीक असते.

हिस्टोप्लाझ्मोसिस हा असाच निसटणारा आजार आहे. त्याची बुरशी, हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम, मातीत राहते. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने कसदार झालेली ओलसर माती तिला मानवते. अशी जागा कुणी खणली, झाडली, उपसली की तिचे बीजाणू धुळीबरोबर उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. बाहेर धाग्याधाग्यांनी वाढणारी ही बुरशी शरीराच्या उबेत रूप पालटते आणि यीस्टसारख्या सुट्या पेशींची होते. एकेक पेशी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीच्या साधारण निम्मी किंवा त्याहूनही लहान. जंतूंना गिळून संपवणं हे ज्या मॅक्रोफेज पेशींचं काम, त्या तिलाही गिळतात. पण ती त्यांच्याच आत राहून वाढते आणि त्यांच्याबरोबर शरीरभर फिरते.

ज्यांच्या शरीरात ती शिरते त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. थोड्यांना खोकला-ताप येऊन जातो. मोजक्या लोकांत मात्र ती यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, तोंड, घसा, त्वचा आणि ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पसरते. एचआयव्ही असलेले, स्टेरॉइडवर असलेले, अवयवरोपण झालेले रुग्ण यात जास्त सापडतात. पण आपल्या देशात वरवर धडधाकट माणसांतही, विशेषतः ॲड्रिनल ग्रंथींत, हा आजार पुन्हा पुन्हा दिसला आहे. महिनोन्‌महिने बारीक ताप, उतरत जाणारं वजन, मेलेली भूक, मानेत गाठी, छातीच्या फोटोत डाग. या सगळ्याला आपल्याकडे एक नाव तयार असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असतं. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. डॉक्टरने आधी टीबीचा विचार करावा हेच योग्य. माझा आग्रह पुढच्या पायरीसाठी आहे: टीबीच्या तपासण्या नकारार्थी आल्या, औषधं घेऊनही माणूस खंगतच चालला, तर मग काय?

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आमच्याकडे दाखल झाले. त्यांची ओळख पटू नये म्हणून इथे तपशील थोडे बदलले आहेत. जिभेच्या कडेला न भरणारी जखम होती. तंबाखूची सवय असल्यामुळे आधी कॅन्सरची शंका आली. गावाकडच्या एका खासगी दवाखान्यात तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला नाही. अहवालात ‘ग्रॅन्युलोमा, टीबी असू शकेल’ असं होतं. शरीर एखाद्या चिवट जंतूभोवती पेशींचं कडं उभारतं त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीत ते दिसतं, आणि या बुरशीतही तसंच दिसतं. बुरशीसाठी वेगळा रंग देऊन तो तुकडा कुणी पाहिला नव्हता. टीबीची औषधं सुरू झाली. पहिले काही आठवडे सगळ्यांनी धीर धरला, नंतर नुसती वाट पाहिली. जखम वाढली, जेवण सुटलं, उठून उभं राहिलं की चक्कर येऊ लागली. हातापायांवरच्या रेघा आणि हिरड्या काळवंडल्या, पण भातशेतीत राबणाऱ्या माणसाचा रंग बदलला तर घरचे उन्हालाच दोष देणार. इथे आल्यावर सीटी स्कॅन झाला. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या होत्या. रक्तदाब उतरलेला, रक्तातलं सोडियम कमी.

वॉर्डातल्या रेसिडेंट मुलीचा मला फोन आला. “मॅडम, जिभेवरून पुन्हा तुकडा काढतोय. टीबीचं सगळं निगेटिव्ह आहे. बुरशी असू शकेल?”

या एका प्रश्नाचं मोल मी जाणते. मी तिला सांगितलं, दोन तुकडे घे. एक फॉर्मलिनमध्ये टाकून हिस्टोपॅथॉलॉजीला दे, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये घालून थेट माझ्याकडे. फॉर्मलिनमध्ये पेशींचा आकार टिकतो, पण त्यात जिवंत काही उरत नाही. त्या तुकड्यातून बुरशी वाढवता येत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी फॉर्मलिनच्या बाटल्या आधीच भरून ठेवलेल्या असतात, तुकडा निघाला की सवयीने त्यात पडतो. त्या क्षणी निदानाची एक वाट बंद होते, आणि रुग्णाला पुन्हा भूल देऊन पुन्हा कापण्याची तयारी नसेल तर ती कायमची बंद होते. दुरून, खर्च करून, टॅक्सीने पाठवलेले नमुने फॉर्मलिनमध्ये बुडालेले माझ्यापर्यंत आले आहेत. अशा वेळी त्या नातेवाइकांना काय सांगायचं, हे मला आजही जड जातं.

तुकडा येईपर्यंत मी वॉर्डात जाऊन आले. प्रयोगशाळेतली माणसं एरवी खाटेपर्यंत जात नाहीत. तशी पद्धत नाही आणि वेळही नसतो. मी शक्य तेव्हा जाते.

“दादा, गाव कुठलं?”

“पेणकडं, ताई.”

“पेणमध्ये कुठं? मी गागोद्याची.”

“विनोबांच्या?”

“हो, बुद्रुकची.”

जिभेवर जखम असलेल्या माणसाला बोलायला त्रास होत होता, तरी ते बोलू लागले. गागोदे बुद्रुकचं नाव सांगितलं की पेण-रोह्याकडच्या माणसाला विनोबा भावेच आठवतात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते तिथे जन्मले, तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. त्यांचं बालपण तिथेच आजोबांच्या घरात गेलं आणि मग कुटुंब बडोद्याला गेलं. आम्ही त्या गावची साधी माणसं. भाताची खाचरं, मागे डोंगर, कौलारू घरं. या शेतकऱ्याच्या गावचं चित्र मला विचारावं लागलं नाही, त्यामुळे सरळ कामावर आले. बारा महिने काय काय करता?

पावसाळ्यात भात. उन्हाळ्यात जवळच्या पोल्ट्रीच्या शेडमधला थर खरवडून गोण्या भरायच्या. ते कोंबडखत भाजीवाले, बागवाले घेऊन जातात. आणि मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला की, घरं शाकारायला जायचं. जुनी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे-रिपा झाडायच्या. “कौलांखाली वटवाघळांच्या लेंड्यांचा ढीग असतो ताई, खराट्यानं लोटला की डोळ्यांत जातो, नाकात जातो.” तोंडाला काही बांधायचे का, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. हे त्यांनी आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि जिभेवरच्या जखमेचा घर शाकारण्याशी संबंध असेल असं कुठल्याही समंजस माणसाला सुचणार नाही.

मी स्वतः अशा घरात वाढले. मे महिन्यात माळा रिकामा करून झाडायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना सणच असायचा, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या. शाकारणी झाली नाही तर घर गळतं. ते काम टाळता येत नाही. पण ते कोरडं करायलाच हवं असंही नाही.

मी खाली आले आणि त्या कागदावरच्या दोन ओळी स्वतःच्या हाताने भरल्या.

सलाईनमधला तुकडा आला. त्याची कापलेली बाजू काचपट्टीवर हलकेच टेकवून ठसे घेतले, जिम्झा रंग दिला आणि तेलाच्या भिंगाखाली बघायला बसले. या बुरशीच्या बाबतीत साधी केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) तपासणी फारशी कामाची नसते, पेशी इतक्या लहान असतात की कचऱ्यात हरवून जातात. ठशांत आधी नुसता दाह दिसला. मग एक मोठी मॅक्रोफेज पेशी, आणि तिच्यात दाटीवाटीने बसलेल्या अंडाकृती पेशी. प्रत्येकीत एका बाजूला सरकलेला जांभळा ठिपका आणि भोवती पांढरं कडं. ते कडं खरं कवच नसतं. रंग देताना पेशीतला भाग आकसतो म्हणून तसं दिसतं. तेवढ्यावर थांबता येत नाही. काळा आजाराचे लीशमानियाही मॅक्रोफेजमध्ये असेच बसलेले असतात, फक्त त्यांच्यात केंद्रकाशेजारी आणखी एक बारीक काडी दिसते. ती इथे नव्हती. तालारोमायसिस मार्नेफेई नावाची बुरशी मधोमध भिंत पडून दुभंगते, ही मात्र अरुंद मानेने कोंब काढते. कोंब सापडेपर्यंत मी भिंग हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजीतून चांदीच्या क्षाराने रंगवलेली काचपट्टी आली, तिच्यावर हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्या ठिपक्यांचे झुबके होते. लीशमानिया हा रंग घेत नाही. शंका मिटली.

नळ्यांत बुरशीची वाढ दिसेपर्यंत उपचारांसाठी थांबलो नाही. ही बुरशी फार सावकाश वाढते, नळ्या सहा आठवडे तरी ठेवाव्या लागतात. आधी पांढरा कापसासारखा थर येतो, मग तो पिवळट तपकिरी होतो. त्यावर काटेरी गोल बीजाणू येतात, ते दिसले की ओळख जवळजवळ पक्की. याच अवस्थेत ती प्रयोगशाळेतल्या माणसांना धोक्याची असते, कारण तिचे बारीक बीजाणू हवेत उडतात. म्हणून आम्ही ताटलीऐवजी झाकणाच्या नळ्या वापरतो आणि त्या जैवसुरक्षा कॅबिनेटबाहेर कधीही उघडत नाही. कागदावर ‘हिस्टोप्लाझ्माची शंका’ असं लिहायला हवं ते यासाठीही. तसं न लिहिता आलेला नमुना एखादी नवशिकी तंत्रज्ञ साध्या टेबलावर उघडून बसू शकते.

या आजाराचा सगळा इतिहासच टीबीच्या सावलीत घडला आहे. डिसेंबर १९०५ मध्ये पनामा कालव्याच्या कामावर मार्टिनिक बेटातून आलेला एक सुतार वारला. अँकॉन रुग्णालयातले डॉ. सॅम्युएल डार्लिंग यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा फुप्फुसं पाहून त्यांनाही आधी सर्वत्र पसरलेला टीबीच वाटला. पण काचपट्टीवर टीबीचे जंतू नव्हते. पेशींच्या आत बारीक गोल काहीतरी होतं. काळा आजाराचा परजीवी दोनच वर्षं आधी जगापुढे आला होता; डमडमच्या छावणीतून गेलेल्या सैनिकाच्या प्लीहेत लीशमन यांनी आणि मद्रासमध्ये डोनोव्हन यांनी तो पाहिला होता. डार्लिंग यांना वाटलं, हा त्याच्याच जातीतला प्राणी असावा. तो प्राणी नसून बुरशीच्या कुळातला आहे, असं १९१२ मध्ये दा रोशा लिमा यांनी सुचवलं. जिवंत माणसात हा आजार ओळखला जायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. टेनेसीतल्या एका तान्ह्या बाळाच्या रक्ताच्या काचपट्टीत डॉ. एडना टॉम्पकिन्स यांनी तो पाहिला. त्याच बाळाच्या नमुन्यातून डीमॉनब्रून यांनी बुरशी वाढवली आणि तिची दोन रूपं दाखवली. आमचं काम या सगळ्यांच्या कामावर उभं आहे. टॉम्पकिन्सबाईंचं नाव मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, कारण त्यांनी कुठलंही नवं यंत्र वापरलं नव्हतं. रोजच्या रक्ततपासणीची काचपट्टी लक्ष देऊन पाहिली होती.

त्यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत हजारो निरोगी माणसांच्या छातीच्या फोटोत चुन्याचे डाग दिसत. सगळे म्हणत, कधीकाळी टीबी होऊन गेला असणार. पण त्यांतल्या पुष्कळांची टीबीची त्वचा-चाचणी नकारार्थी येई. चाचणीच कमी पडते असं म्हणून तो प्रश्न मिटवला जात होता. १९४५ मध्ये क्रिस्टी व पीटरसन यांनी टेनेसीत आणि पामर यांनी परिचारिका विद्यार्थिनींमध्ये दाखवून दिलं की त्या माणसांची हिस्टोप्लाझ्मिनची, म्हणजे या बुरशीसाठीची, त्वचा-चाचणी सकारात्मक येते. डाग टीबीचे नव्हतेच. ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात लक्षावधी लोकांना ही बुरशी नकळत होऊन गेली होती. नकारार्थी उत्तराला त्या तिघांनी उत्तर मानलं, एवढ्यावर तो शोध उभा राहिला. पुढे १९४९ मध्ये एमन्स यांनी व्हर्जिनियातल्या मातीतून ती बुरशी बाहेर काढली.

आपल्याकडे कलकत्त्यात पांजा आणि सेन यांनी १९५४ मध्ये पहिल्या रुग्णाची नोंद केली. सन्याल आणि थम्मय्या यांना १९७५ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या मातीत बुरशी सापडली. त्यामुळे हा बंगालचा आजार आहे असा समज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात नोंदी उत्तरेतून आल्या, दक्षिणेतून आल्या, महाराष्ट्रातूनही आल्या. जिथे बुरशीकडे बघणारी प्रयोगशाळा आहे तिथून त्या जास्त येतात. नकाशावरचे ठिपके मला आजाराचे कमी आणि प्रयोगशाळांचे जास्त वाटतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने उत्साहाने विचारलं होतं, “मॅडम, तुमच्या गावची माती आणून बघू या का?” प्रश्न चांगला होता. पण मातीतून ही बुरशी काढणं म्हणजे पिशवीत माती भरून आणणं नव्हे. जुन्या पद्धतीत मातीचं पाणी प्रतिजैविकं घालून उंदरांच्या पोटात टोचत, काही आठवड्यांनी त्यांचं यकृत आणि प्लीहा काढून त्यातून बुरशी वाढवत. आज मातीतला डीएनए शोधता येतो, पण जिवंत बुरशी हाताळायची तर वरच्या दर्जाची जैवसुरक्षा हवीच. तशी सोय उभी करून, परवानग्या घेऊन, पश्चिम घाटाच्या पायथ्याची माती कुणीतरी पद्धतशीर तपासावी ही माझी मनापासून इच्छा आहे. रायगडात डोंगर आहेत, गुहा आहेत, दमट हवा आहे, पोल्ट्र्या आहेत, वटवाघळं आहेत. तोवर गावी गेले की मी तिथल्या आशा स्वयंसेविकांना, म्हणजे आशाताईंना, एवढंच सांगते: शाकारणीच्या आधी लेंड्यांच्या थरावर पाणी शिंपडा, ओला झाला की मगच लोटा, पोल्ट्रीची शेड खरवडतानाही तेच, आणि नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लावा. करोनानंतर मास्क घरोघरी पडून आहेत. वटवाघळं मारू नका, हेही सांगते. ती शेतातले किडे खातात, आणि त्यांना हुसकावताना धूळच जास्त उडते.

एका आशाताईंनी विचारलं, कोंबड्यांना हा रोग होतो का? मला तो प्रश्न फार आवडला. कोंबड्यांना होत नाही, पक्ष्यांचं अंग फार गरम असतं, बुरशीला ते सोसत नाही. त्यांच्या विष्ठेने मातीला फक्त कस येतो. वटवाघळांना मात्र ती होते आणि त्यांच्या विष्ठेतून बाहेरही पडते.

परत त्या शेतकऱ्याकडे येते. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन शिरेतून सुरू झालं. हे औषध महाग, मूत्रपिंडांना जपत द्यावं लागणारं, रोज रक्त तपासायला लावणारं. मग इट्राकोनॅझोलच्या गोळ्या, वर्षभर. इथे एक गाठ आधी सोडवावी लागली. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. ‘दोन्ही चालू ठेवू, जे असेल ते बरं होईल’ असा सावध विचार बरेच डॉक्टर करतात. त्यात बुरशीचं औषध नावापुरतं उरतं. टीबीचा पुरावा कुठेच नव्हता, तेव्हा छातीरोग विभागाशी बोलून ती औषधं थांबवली. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळतात; त्या भरल्या पोटी घ्यायच्या आणि पित्ताच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत पित्ताची गोळी असते. मी त्यांच्या सुनेला चिठ्ठी हातात घेऊन समजावलं.

तिने माझ्याकडून आणखी एक गोष्ट विचारून घेतली. टीबी म्हटल्यापासून घरात त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेवला होता. नातवाला जवळ जाऊ देत नव्हते. मी सांगितलं, हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. खोकल्यातून नाही, उष्ट्यातून नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मग आजपासनं एकत्रच वाढते.” अहवालाच्या कागदावर न मावणारं हे निदानाचं फळ आहे, आणि मला ते औषधाइतकंच मोठं वाटतं.

जखम काही आठवड्यांत भरली. वजन परत यायला वेळ लागला. ॲड्रिनल ग्रंथींची मात्र हानी होऊन गेली होती. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या त्यांना आयुष्यभर घ्याव्या लागणार आहेत, आणि ताप आला, उलट्या झाल्या तर डोस वाढवावा लागणार आहे. तसं लिहिलेलं कार्ड ते शर्टाच्या खिशात ठेवतात. तो जिभेचा तुकडा काही महिने आधी कुणी बुरशीसाठी रंगवून पाहिला असता, तर त्या ग्रंथी कदाचित वाचल्या असत्या.

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीची लाट आली तेव्हा बुरशी हा शब्द पहिल्यांदा टीव्हीवरच्या बातम्यांत रोज ऐकू येऊ लागला. ॲम्फोटेरिसिनचा तुटवडा पडला, नातेवाईक कुप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. त्या दिवसांत जे हाल पाहिले ते लिहायला दुसरा लेख लागेल. पण त्यातून एक सवय लागली. नाकाचे, डोळ्यांचे डॉक्टर तुकडा सलाईनमध्ये पाठवू लागले, स्वतः पायऱ्या उतरून काचपट्टी बघायला येऊ लागले. एका मोठ्या संकटाने जे शिकवलं ते टिकवणं आमच्यासारख्यांचं काम आहे, कारण रेसिडेंट तीन वर्षांनी बदलतात आणि नवी तुकडी त्या भरून ठेवलेल्या फॉर्मलिनच्या बाटल्यांकडेच बघते. दर वर्षी नवे रेसिडेंट आले की मी वॉर्डावॉर्डांत जाऊन तेच बोलते.

आणि तुकडा कापावाच लागू नये अशीही सोय जगात आहे. या बुरशीचं प्रतिजन लघवीत उतरतं. इंडियानापोलिसच्या जोसेफ व्हीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध केली. एचआयव्ही असलेल्या, आजार शरीरभर पसरलेल्या रुग्णांत ती बहुसंख्य वेळा आजार पकडते, तेही आठवडे न थांबता. इतर काही बुरशींशी तिची गल्लत होऊ शकते, पण उपचार सुरू करायला ती पुरेशी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ती आवश्यक तपासण्यांच्या यादीत घातली, आणि २०२२ मध्ये हिस्टोप्लाझ्माला प्राधान्याच्या बुरशींमध्ये वरच्या गटात बसवलं. ग्वातेमालासारख्या आपल्याहून लहान देशाने एचआयव्हीच्या रुग्णांना ती मिळेल अशी व्यवस्था उभी केली. आपल्याकडे ती मोजक्या ठिकाणी होते. टीबीसाठी गोव्यात बनलेलं ट्रूनॅट यंत्र आज प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचलं आहे, तासा-दोन तासांत उत्तर देतं. त्या उत्तरात ‘नाही’ आलं की पुढे काय करायचं, त्यासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात लघवीची ही एक तपासणी असावी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते. मागणी अवास्तव नाही. एचआयव्हीचे रुग्ण आणि टीबीच्या औषधांना दाद न देणारे रुग्ण, एवढ्यांनाच ती लागेल.

गेल्या पावसाळ्यात रायगडातल्या एका तालुक्याच्या डॉक्टरांचा फोन आला. एका प्रशिक्षणात मी बोलले होते, तिथून त्यांनी नंबर घेतला होता. पंचविशीचा मुलगा, एचआयव्ही नव्याने कळलेला, महिन्याभराचा ताप, चेहऱ्यावर पुळ्या, प्लीहा मोठी, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटलेल्या. “ट्रूनॅट निगेटिव्ह आली, म्हणून तुम्हाला फोन केला.” मी विचारलं, काम काय करतो? ते म्हणाले, थांबा, विचारतो, आणि फोन तसाच धरून त्यांनी त्या मुलाला विचारलं. पोल्ट्रीच्या गाडीवर होता. अस्थिमज्जेचा नमुना मुंबईलाच घेऊ, असं ठरलं. चेहऱ्यावरच्या एका पुळीचे ठसे त्यांनी तिथेच काचपट्टीवर घ्यावेत, वाळवून, न रंगवता सोबत द्यावेत, टीबीची औषधं अंदाजाने सुरू करू नयेत, आणि रुग्णवाहिका आजच निघावी. ती संध्याकाळी सहाला वडखळ नाक्यावर वाहतुकीत अडकली होती, तेव्हा आमची तंत्रज्ञ जिम्झाचा रंग गाळून वाट बघत बसली होती.